धर्मादाय दवाखाना आणि डिजिटल दंतवैद्यक : यंत्र घ्यावे काय?



आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, कर आणि वाहतूक या विषयांवर चार शब्द लिहिण्याची आमची जुनी वहिवाट आहे. यंदा मात्र आम्ही दातांविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत. भुसार व्यापाऱ्याने दंतवैद्यकाविषयी लिहावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. आमचे शिक्षण एस. एस. एल. सी. पर्यंतचे, वैद्यकाशी आमचा संबंध रोगी या नात्यापलीकडे नाही. परंतु येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जो ठराव येत आहे, तो वैद्यकाचा असला तरी त्यात खर्च व्हावयाचा पैसा बाजाराचा आहे. पैसा कोठे घालावा व कोठे घालू नये, एवढा विचार करण्याचा अधिकार चाळीस वर्षे काट्याजवळ बसलेल्या माणसास असावा, असे आम्हांस वाटते.

ठराव असा की, संघाच्या धर्मादाय दंतचिकित्सालयात डिजिटल यंत्रसामग्री बसवावी. तोंडात फिरवून दातांची प्रतिमा घेणारा स्कॅनर, त्या प्रतिमेवरून कॅप कोरून काढणारे यंत्र आणि ती भाजण्याची भट्टी, अशा तीन वस्तू त्यात आहेत. आपल्या एका दानशूर सभासद कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ अर्धी रक्कम देण्याची तयारी दर्शविली आहे. उरलेली अर्धी धर्मादाय निधीतून द्यावयाची आहे. त्या कुटुंबाच्या औदार्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. म्हणूनच हा विचार आम्ही सभेत ऐनवेळी उठून मांडण्याऐवजी आधीच लेखी मांडत आहोत, म्हणजे कोणाचा मनोभंग न होता सर्वांस शांतपणे विचार करता येईल.

प्रथम हा धर्मादाय निधी कोणाचा, याची आठवण करून देणे आवश्यक आहे. रविवार पेठेत आमचे वडील बसत, तेव्हापासून दर पोत्यामागे धर्मादायाची काही रक्कम बाजूला काढण्याची रीत चालत आलेली आहे. ती रक्कम नावाने व्यापाऱ्याची. पण ते पोते शेतकऱ्याने पिकविले, हमालाने पाठीवर वाहिले आणि गिऱ्हाइकाने विकत घेतले. आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानासाठी हा निधी आहे. तो आपल्या हाती ठेव म्हणून आहे. आपण त्याचे मालक नाही.

आता या नव्या विद्येविषयी. ती कालपरवाची आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. फ्रान्समधील फ्रान्स्वा ड्युरे या दंतवैद्याने दातांचे माप प्रकाशाच्या साह्याने घेण्याची कल्पना १९७३ साली आपल्या प्रबंधात मांडली. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे वेर्नर म्योरमान व मार्को ब्रान्देस्तिनी यांनी तयार केलेल्या यंत्राने १९८५ साली रोग्याच्या दातात यंत्रावर कोरलेले भरण बसविले गेले. म्हणजे या गोष्टीस चाळीस वर्षे होऊन गेली. हे सांगण्याचे कारण एवढेच की, "आज घेतले नाही तर आपण मागे पडू" ही जी घाई विक्रेत्यांच्या बोलण्यातून आपल्यापर्यंत येते, तिला फारसा आधार नाही. जी विद्या चाळीस वर्षे सुधारत आली, ती आणखी एका वर्षाने पळून जाणार नाही.

जुनी रीत अशी. दात घासून लहान केल्यावर दंतवैद्य मऊ लुकण भरलेला साचा तोंडात दाबून धरतात. ते घट्ट झाले की त्यात प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती तयार होते. ती प्रयोगशाळेत जाते व कॅप तयार होऊन परत येते. नव्या रीतीत पेनासारखा जाडसर स्कॅनर तोंडात फिरवितात. तो क्षणोक्षणी असंख्य प्रतिमा घेतो आणि संगणक त्या जुळवून पडद्यावर दातांचा आकार उभा करतो. हा आकार तारेवरून प्रयोगशाळेत जातो. तेथे झिर्कोनिया नावाच्या कठीण पदार्थाच्या वडीतून यंत्र कॅप कोरून काढते. धान्याच्या व्यापाऱ्यास गंमत वाटेल अशी एक गोष्ट यात आहे. झिर्कोनियाची कॅप भट्टीत सुमारे १५०० अंशांपर्यंत भाजावी लागते आणि भाजताना ती आकसते. म्हणून यंत्र ती मुळातच २० ते २५ टक्के मोठी कोरते. ओल्या मालाची घट आधी धरून आपण खरेदी करतो, तसाच हा प्रकार आहे.

या नव्या रीतीचा मोठा गुण आम्ही आमच्या घरातच पाहिला. आमच्या सौभाग्यवतींस साचा तोंडात घेतला की ओकारी येते. तीन वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात त्यांचे माप घेताना तीन वेळा साचा बाहेर काढावा लागला. त्या घामाघूम झाल्या आणि "नको तो दात" म्हणून उठून आल्या. पुढे दुसऱ्या शहरी लेकीकडे गेल्या असता तेथील दंतवैद्यांनी स्कॅनरने माप घेतले. मध्ये दोनदा थांबले, पुन्हा तेथूनच पुढे सुरू केले, आणि काम निर्विघ्न झाले. तेव्हा "हे सारे थोतांड आहे" असे म्हणण्याचे पातक आम्ही करणार नाही. आमचे चिरंजीव तर ठरावाच्या पूर्ण बाजूचे आहेत. ते आम्हांस म्हणाले, "अण्णा, तुम्ही दुकानात अजून साखळीचा तराजू ठेवला आहे का? इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हाही तुम्ही सहा महिने कुरकुरत होता." हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आम्ही कुरकुरत होतो, आणि आमची चूक झाली होती.

परंतु आम्ही दुसऱ्या बाजूनेही एक चूक केली आहे, आणि तिचा दंड अधिक मोठा होता. डाळीतील डागी व विटका दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या झोताने उडविणारे यंत्र, ज्याला बाजारात सर्वजण सॉर्टेक्स म्हणतात, ते आमच्या पेढीने पुष्कळ वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतले. यंत्र उत्तम होते. त्याच्या कामात आम्हांस कधी खोट दिसली नाही. खोट आमच्या हिशेबात होती. आमच्यापाशी त्या यंत्रास पुरेल एवढा माल हंगामाचे तीन महिनेच असे. उरलेले नऊ महिने यंत्र झाकून ठेवलेले, आणि बँकेचे व्याज मात्र बारा महिने चालू. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत दमटपणा येऊन झोत बिघडत असे. दुरुस्तीचा माणूस परगावाहून येई. ज्या मुलास आम्ही ते चालविणे शिकविले, तो शिकून तयार होताच अधिक पगारावर दुसरीकडे गेला. शेवटी शेजारच्या चार पेढ्यांचा माल मजुरीवर साफ करून देण्यास आम्ही सुरुवात केली, तेव्हा कोठे ते यंत्र आपला खर्च भागवू लागले. तेव्हापासून आम्ही कोणत्याही यंत्राविषयी ते चांगले आहे काय, हे दुसऱ्यांदा विचारतो. ते रोज किती तास चालेल, हे प्रथम विचारतो.

हाच प्रश्न घेऊन आम्ही मागील महिन्यात सलग तीन सकाळी आपल्या दंतचिकित्सालयात जाऊन बाकावर बसलो. जे पाहिले ते सभासदांपुढे ठेवतो. येणाऱ्यांपैकी बहुतेक लोक दुखणारा दात घेऊन आले होते. कोणास दात काढावयाचा होता, कोणास भरावयाचा. काहींचे रूट कॅनालचे काम चालू होते. पाचसहा वृद्ध कवळीसाठी आले होते. कॅपसाठी आलेले तीन दिवसांत दोघेच. नोंदवहीवरून पाहता महिन्याकाठी कॅप व ब्रिज मिळून सुमारे १५ कामे होतात, असे आमच्या डॉक्टरांनी दाखविले.

त्या बाकावर आमच्या यार्डातील एक जुना हमाल भेटला. गाल सुजलेला, गमछाने बांधलेला. त्याचा दात वाचविता येईल, तीन वेळा यावे लागेल, असे डॉक्टरांनी त्यास समजावून सांगितले होते. तो आम्हांस म्हणाला, "सावकार, तुम्ही सांगा की, काढूनच टाका म्हणावं. तीनदा आलो तर तीन हजेऱ्या बुडतात." त्याने दात काढून घेतला व दुपारी पोती उचलावयास गेला. बंधूंनो, त्या दिवशी त्या माणसाचा दात स्कॅनर नसल्यामुळे गेला नाही. दवाखाना सकाळी दहा ते एक एवढाच उघडा असल्यामुळे गेला. सायंकाळी यार्ड बंद झाल्यावर दोन तास डॉक्टर बसते, तर तो दात राहिला असता.

आता हिशेब मांडू. यातील किमती आम्ही समजुतीसाठी धरल्या आहेत. प्रत्यक्ष दरपत्रके आली की प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा, केवळ स्कॅनर व त्याचा संगणक यांस १० लाख रुपये पडले. संगणकावर चालणाऱ्या वस्तूचे आयुष्य आम्ही पाच वर्षांहून अधिक धरणार नाही. म्हणजे वर्षाची झीज २ लाख. देखभालीचा करार, आज्ञावलीची वर्गणी, तोंडात जाणारी व निर्जंतुक करून ठरावीक वेळाच वापरता येणारी टोके, हे मिळून ८० हजार. ठेवीवरील बुडालेले व्याज, घटत्या किमतीवर सरासरीने ७ टक्के धरता, ३५ हजार. शिकविलेल्या सहायकाच्या पगारातील वाढ ४५ हजार. एकूण ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार रुपये. महिन्याची १५ कामे त्यास भागिली तर दर कामामागे २,००० रुपये यंत्राचा बोजा पडतो. उलट बचत किती? साच्याचे लुकण, प्लास्टर व पार्सलचा खर्च मिळून दर कामामागे ५०० रुपये वाचले असे धरू. खर्च भरून निघण्यास महिन्याला ६० कामे हवीत. चुकलेल्या मापाची पुन्हा करावी लागणारी कामे कमी होतील म्हणून बचत दुप्पट, म्हणजे १,००० रुपये धरली, तरी ३० कामे हवीत. आपल्यापाशी आहेत १५.

यात आणखी एक बाब व्यापाऱ्यांच्या ध्यानी चटकन येईल. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. रोगोपचाराच्या सेवेस त्यातून सूट आहे. आणि जी सेवा करमुक्त, तिच्यासाठी घेतलेल्या यंत्रावर भरलेला कर वळता मिळत नाही. पेढीसाठी काटा घेताना आपण कराची वजावट मनात धरतो; दवाखान्यासाठी यंत्र घेताना ती सवय बाजूला ठेवावी. यंत्रावरील कर हा सरळ खर्चच होय.

ठरावाचे समर्थक म्हणतात की, यंत्रामुळे रोग्याची एक खेप वाचेल. या म्हणण्याचा नीट विचार केला पाहिजे, कारण हमालाची हजेरी हा आमच्याही काळजीचा विषय आहे. एकाच भेटीत कॅप बसविणे शक्य आहे हे खरे. परंतु त्यासाठी स्कॅनर पुरत नाही, कोरण्याचे यंत्र व भट्टीही दवाखान्यातच लागते, आणि तिन्ही चालविणारा जाणता माणूस लागतो. तेव्हा खर्च आम्ही वर मांडला त्याच्या कितीतरी पुढे जातो. केवळ स्कॅनर घेऊन कॅप बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करविली, तर रोग्यास दुसऱ्यांदा यावेच लागते. मधले काही दिवस तेवढे कमी होतात. शिवाय ज्या माणसास रूट कॅनालसाठीच सवड मिळत नाही, तो कॅपच्या खुर्चीपर्यंत पोहोचतच नाही.

स्कॅनरच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. तो प्रकाशाने पाहतो. म्हणून जे झाकलेले आहे ते त्यास दिसत नाही. हिरडीखाली गेलेली दाताची कड, रक्त व लाळ यांपुढे तो अडतो; तेथे हिरडी बाजूला सारून जागा कोरडी करण्याचे दंतवैद्याचे जुने हस्तकौशल्य पूर्वीइतकेच लागते. एकदोन दातांचे माप तो फार चांगले घेतो. संपूर्ण जबड्याचे माप घेताना प्रतिमा जुळविण्यातील सूक्ष्म चुका साठत जातात. आणि ज्याच्या तोंडात एकही दात उरला नाही, अशा वृद्धाच्या कवळीसाठी त्याचा उपयोग सर्वांत कमी. तेथे हिरडी मऊ व हलती असते, आणि ओठ-गाल हलविताना कवळीची कड कोठपर्यंत यावी हे साच्यात दाबूनच नीट कळते. आपल्याकडे येणारे वृद्ध तर कवळीसाठीच येतात.

मग आम्ही डिजिटल विद्येच्या विरुद्ध आहोत काय? मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तिच्यातील कोणता भाग आपल्या दवाखान्यातील प्रत्येक खुर्चीपर्यंत पोहोचतो ते पाहून तेथून आरंभ करावा. असा एक भाग आहे, आणि ठरावात त्याचा उल्लेखच नाही. तो म्हणजे दाताचे क्ष-किरण चित्र थेट संगणकाच्या पडद्यावर दाखविणारा सेन्सर. आपल्या दवाखान्यात अजून फिल्म वापरली जाते. ती रसायनात धुवावी लागते, धुताना मिनिटे जातात, चित्र अस्पष्ट आले तर पुन्हा घ्यावे लागते. सेन्सर घेतल्यास चित्र क्षणात दिसते. किरणांची मात्रा फिल्मपेक्षा कमी लागते. रसायने गटारात सोडावी लागत नाहीत. आणि चित्र पडद्यावर मोठे करून रोग्यास त्याचा दात दाखविता येतो. रूट कॅनालच्या एका कामात अशी अनेक चित्रे लागतात. तेथे वाचलेली मिनिटे मिळून एका सकाळी आणखी एकदोन रोगी तपासले जातील.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. क्ष-किरणांच्या फिल्मवरील लेपात जिलेटिन असते, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. आजवर आपल्या दवाखान्यात ती फिल्म वापरली गेली, ती दुसरा उपाय नसल्यामुळे. आता उपाय असताना तो का घेऊ नये? या यंत्रासही जपावे लागते. सेन्सर नाजूक असतो, हातातून पडला की मोठे नुकसान. दातांच्या क्ष-किरण यंत्रास अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी आवश्यक असते. आपली कागदपत्रे अद्ययावत आहेत की नाहीत, हेही या निमित्ताने तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की, यंत्रात कोरलेली कॅप रोग्यास देण्यासाठी यंत्र आपल्या मालकीचे असावेच लागते असे नाही. हाताने घेतलेल्या मापावरून प्लास्टरची प्रतिकृती केली, तर ती प्रतिकृतीच स्कॅन करून झिर्कोनियाची कॅप कोरून देणाऱ्या प्रयोगशाळा आज अनेक आहेत. त्यांच्यापाशी दिवसभर काम चालते, म्हणून त्यांस यंत्र परवडते. आपण गव्हाचे पीठ विकतो म्हणून प्रत्येकाने रोलर मिल काढलेली नाही. आपल्या डॉक्टरांनी अशा दोन प्रयोगशाळांकडे सहा महिने कामे पाठवावीत. किती कॅप पहिल्याच वेळी नीट बसल्या, किती परत गेल्या, दर किती पडला, याची नोंद ठेवावी. ही नोंद स्कॅनरच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देईल.

तिसरी गोष्ट. हिशेबात आम्ही म्हटले की ६० कामे हवीत व आपल्यापाशी १५ आहेत. हा आकडा आम्ही पुन्हा पाहिला, तेव्हा आम्हांस आमचे सॉर्टेक्स आठवले. स्कॅनर ही जमिनीत रोवलेली वस्तू नाही. लॅपटॉपला जोडून पेटीतून नेता येतील असे स्कॅनर मिळतात. निपाणी, संकेश्वर व चिकोडी येथील व्यापारी बंधूंशी बोलून, तेथील धर्मादाय दवाखान्यांतही आपल्याइतकीच कामे निघत असतील, तर चौघांत मिळून एक स्कॅनर का घेऊ नये? आठवड्यातील ठरलेला वार ज्याचा त्याचा. माप घेण्याची कामे त्या वारी बोलवावीत. एकट्यास जे जड, ते चौघांस सोसेल. यात भांडणाचा धोका आहे हे आम्ही जाणतो. यंत्र कोणाच्या हातून पडले, हा वाद कोठेही उठू शकतो. परंतु भागीदारीचा करारनामा लिहिणे ही गोष्ट आपणास दंतवैद्यकापेक्षा बरीच अधिक कळते.

आणि स्कॅनर घेण्याची वेळ आलीच, तर विक्रेत्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. यंत्र आपल्याच दवाखान्यात, आपल्याच रोग्यांवर, महिनाभर वापरून पाहण्यास मिळावे. पाच वर्षांची आज्ञावलीची वर्गणी व टोकांचा भाव आजच ठरवावा. एरवी काटा स्वस्त आणि वजने महाग, असा प्रकार व्हावयाचा. तयार होणारी प्रतिमा कोणत्याही प्रयोगशाळेस उघडता येईल अशा सर्वमान्य स्वरूपात मिळावी. नाहीतर आपण एकाच दुकानाचे बांधलेले गिऱ्हाईक होऊ. बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल व तोपर्यंत बदली यंत्र मिळेल काय, हे नोंदवावे. एकास नव्हे, दोघांस शिकवावे. एक गेला तर दुसरा राहील. रोग्यांच्या प्रतिमा संगणकात साठणार, तेव्हा त्या कोण पाहील व कोठे जपल्या जातील याचा नियम करावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे आणि दुसऱ्याची खातेवही उघडी टाकू नये हा आपला संकेत त्याहून जुना आहे.

शेवटी जी गोष्ट बोलण्यास अवघड, ती बोलतो. यंत्रावर नावाची पाटी लावता येते. पगारावर लावता येत नाही. म्हणून आपल्याकडे यंत्रास देणगीदार मिळतो आणि सायंकाळी दोन तास बसणाऱ्या डॉक्टरास मिळत नाही. हा दोष देणगीदारांचा नव्हे. मागणाऱ्यांचा, म्हणजे आमच्यासारख्या कार्यकारिणीत वर्षानुवर्षे बसलेल्यांचा आहे. आम्ही त्या आदरणीय कुटुंबास नम्र विनंती करतो की, त्यांनी आपली रक्कम ठेव म्हणून संघाकडे द्यावी. तिच्या व्याजातून दवाखाना रोज सायंकाळी सहा ते आठ उघडा राहावा, आणि त्या सत्रास त्यांच्या वडिलांचे नाव द्यावे. पाटी दारावरच लागेल, व यंत्रावरील पाटीपेक्षा ती अधिक लोक वाचतील. या सायंसत्रात येणाऱ्या प्रत्येक हमालाचे तोंड दिवा व आरसा घेऊन नीट तपासावे. आपल्या यार्डात तंबाखू किती खाल्ली जाते, हे आपण सर्व जाणतो. गालाच्या आतील पांढरा चट्टा वा न भरणारी जखम वेळेवर दिसली तर माणूस वाचतो; आणि ती पाहण्यास डोळस डॉक्टर व थोडा वेळ, एवढेच लागते. शंका आल्यास पुढील तपासणीस आपल्या बेळगावातच दोन दंतमहाविद्यालये आहेत.

सारांश, सभेपुढे आम्ही पुढीलप्रमाणे उपसूचना मांडू इच्छितो. क्ष-किरणांचा डिजिटल सेन्सर याच वर्षी घ्यावा. सायंसत्र लगेच सुरू करावे. यंत्रकोरीव कॅप बाहेरच्या प्रयोगशाळेतून सहा महिने करवून नोंद ठेवावी. स्कॅनरचा विचार शेजारच्या गावांसह संयुक्तपणे पुढील सर्वसाधारण सभेत आकड्यांनिशी करावा. कोरण्याचे यंत्र व भट्टी हा विषय तूर्त सोडून द्यावा.

आमच्या चिरंजीवांस हा लेख आम्ही वाचून दाखविला. ते म्हणाले, "अण्णा, सहा महिन्यांनी आकडे माझ्या बाजूचे निघाले तर?" आम्ही त्यांस सांगितले की, तसे निघाले तर स्कॅनरच्या बाजूने पहिला हात आमचा वर होईल, साचा पाहून उठून आलेल्या आमच्या घरच्या माणसाची आठवण आम्ही विसरलेलो नाही. नोंदवही ठेवण्याचे काम मात्र आम्ही त्यांच्याकडेच सोपविले आहे, आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

वाचकांनी या विचारांतील उणीव दाखवावी. आम्ही ती आनंदाने दुरुस्त करू. सभेस सर्वांनी अगत्य यावे. जय जिनेंद्र.

— एक भुसार व्यापारी, बेळगाव